जुने कानातले

माणसाच्या शरीरात कानाइतका सोशिक अवयव दुसरा नाही. नाक जरा काही झाले की मुरडते, डोळे वटारले जातात, तोंडाबद्दल तर बोलायलाच नको. कान मात्र मुकाट्याने खुंटीचे काम करतो. आपल्या पूर्वजांनी त्याच्यावर जानवे अडकवले, पेशवाईत त्याला भिकबाळी टोचली, लग्नात त्यात अत्तराचा फाया खोचला, सुताराने त्याच्यामागे पेन्सिल ठेवली आणि गुरुजींनी तर तो धरून आम्हाला बाकावर उभे केले. उरलेली जागा बायकांनी कुड्या, बुगड्या आणि वेल घालून भरून काढली. इतके सोसूनही तो गप्प राहतो हे पाहून शेवटी विज्ञानाचीही नजर त्याच्याकडे वळली, यात नवल नाही.

"मला कानातले घ्यायचे आहेत," असे मी एका रविवारी घरात जाहीर केले, तेव्हा आमची ही हातातली वेळी टाकून बाहेर आली. "अहो, सोन्याचा भाव काय झालाय, काही कल्पना आहे का?" मी खुलासा केला की सोन्याचे नव्हे, गाणी ऐकायचे. थेट कानाच्या भोकात बसणारे. तेही नवे नव्हे. कुणीतरी विकत घेऊन परत केलेले, मग तपासून, पुसून, कमी किमतीला पुन्हा विकायला काढलेले. इंग्रजीत त्याला रिफर्बिश्ड म्हणतात.

"म्हणजे दुसऱ्याच्या कानातून काढलेलं!"

ही व्याख्या अचूक होती, पण उत्साहवर्धक नव्हती. मी 'नूतनीकृत' हा सरकारी शब्द पुढे केला. त्यावर तिने "सरळ 'उजळलेलं' म्हणा की," असे सांगितले. सोनाराकडे जुना डाग देऊन उजळून आणतात, तसे. शब्द मला एकदम पटला. फरक एवढाच, की सोनार उजळून देतो तेव्हा डाग आपलाच असतो. इथे डागही दुसऱ्याचा आणि उजळणाराही दुसराच.

बँकेत वीस वर्षे लोकांच्या तारणाचे कागद तपासण्यात घालवलेला मी माणूस. एखाद्याने कर्ज मागितले की आधी त्याचा मागला इतिहास पाहायचा, ही सवय हाडात मुरलेली. खर्च तीन हजारांचा होता. तेव्हा या कानातल्याचीही पूर्वपीठिका काढली आणि वस्तू लहान असली तरी घराणे मोठे आहे हे लक्षात आले.

या घराण्याचा मूळपुरुष चांगला वजनदार होता. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. पाठोपाठ एक्स्चेंजे निघाली. मुंबईतही १८८२ साली निघाले. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून अमेरिकेत एझ्रा गिलिलँडने एक उपकरण केले. ते डोक्यावर नव्हे, खांद्यावर वागवायचे आणि त्याचे वजन दहा पौंडांच्या घरात, म्हणजे साडेचार किलो! दिवसभर लोकांचे बोलणे जोडायचे आणि वर खांद्यावर हे ओझे पेलायचे. आमच्या कॅश काउंटरवरच्या मंडळींनी हे वाचावे आणि मगच खुर्चीच्या उशीबद्दल अर्ज करावा.

पुढचा पुरुष रसिक निघाला. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या फ्रेंच इंजिनिअरने ऑपेराच्या रंगमंचावर मायक्रोफोन लावले आणि तारेवरून ते गाणे प्रदर्शनात आणले. ऐकणाऱ्याने दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावायचा. दोन कानांना दोन वेगळे आवाज जात असल्याने गाणारा डावीकडून उजवीकडे सरकलेला समजे. स्टिरिओचा पहिला अनुभव तो हाच. १८९० साली याची रीतसर कंपनी निघाली. हॉटेलांतून नाणे टाकायची यंत्रे बसली. अर्धा फ्रँक टाका आणि पाच मिनिटे ऐका. १९११ साली मार्सेल प्रूस्त या लेखकाने घरबसल्या ऑपेरा ऐकण्यासाठी वर्गणी भरली. लंडनमध्येही १८९५ पासून इलेक्ट्रोफोन नावाची अशीच सोय होती, वर्षाला पाच पौंड वर्गणी.

इथे माझी एक मोठी काळजी मिटली. त्या हॉटेलातले रिसीव्हर दर पाच मिनिटांनी एका कानावरून दुसऱ्या कानावर जात होते. थोडक्यात, दुसऱ्याच्या कानाचे आपल्या कानाला लावणे ही आजची घसरण नसून मूळ परंपराच तशी आहे. खासगी मालकीचे कानातले हीच नंतरची चैन. हे मी घरी सांगितले, तेव्हा "त्यांच्यात आंघोळही रोज करत नसत," एवढेच उत्तर मिळाले.

स्वच्छतेचा विचार मात्र १८९१ सालीच सुरू झाला. एर्नेस्ट मेर्कादिए या आणखी एका फ्रेंच इंजिनिअरने थेट कानाच्या छिद्रात बसणाऱ्या जोडीचे अमेरिकेत पेटंट घेतले. वजन पावणेदोन औंसांपेक्षा कमी, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आत. कानाला घासू नये म्हणून टोकाला रबराची टोपी. आज ज्या सिलिकॉनच्या टोप्या लहान, मध्यम आणि मोठ्या अशा मापांत डबीतून मिळतात, त्यांची ही पणजी. उजळलेला माल घेताना ही टोपी नवी मिळते की नाही ते आधी विचारावे. मिळत नसेल तर बाकी कितीही उजळलेले असो, नमस्कार करून निघावे.

मग आले नॅथॅनिअल बाल्डविन. अमेरिकेतल्या यूटामधला हा गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवत असे. १९१० साली त्याने नमुना नौदलाकडे पाठवला, सोबत जांभळ्या शाईतले पत्र. नौदलाने ऐकून पाहिले आणि चकित होऊन शंभर मागवले. याने कळवले, एका वेळी दहाच जमतील, सगळे काम स्वयंपाकघरातच चालते! साक्षात नौदलाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणणारा हा माणूस मला आमच्या गल्लीतल्या शिंप्यासारखा वाटतो. डोक्यावरच्या पट्टीचे पेटंट घ्या असे सांगितले, तर एवढ्याशा गोष्टीचे काय पेटंट घ्यायचे, म्हणाला. पहिल्या महायुद्धात त्याच्या मालाला जोराची मागणी आली, पण १९२४ मध्ये कंपनी बुडाली. हिशेब ठेवायला एखादा बी.कॉम. ठेवला असता तर चित्र वेगळे दिसले असते, असे मला व्यक्तिशः वाटते.

दरम्यान रेडिओ आला आणि त्याने तारेवरचे गाणे संपवले. लंडनचा इलेक्ट्रोफोन १९२५ मध्ये गेला, पॅरिसची कंपनी १९३२ मध्ये. आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळच्या स्वस्त क्रिस्टल संचाला बॅटरी लागत नसे, पण आवाज इतका बारीक की हेडफोनशिवाय ऐकू येत नसे. घरात चार माणसे असली की हेडफोन एखाद्या भांड्यात ठेवायचा, म्हणजे भांडे घुमून सगळ्यांना थोडे थोडे ऐकू येई. ही युक्ती जगभर चाले. १९५४ साली अमेरिकेत रीजन्सीचा पहिला खिशातला ट्रान्झिस्टर आला तो ४९ डॉलर ९५ सेंटला आणि त्याचा इअरफोन वेगळे साडेसात डॉलर देऊन घ्यावा लागे. मुख्य वस्तूच्या पोटात न घालता इअरफोन वेगळा विकायची ही अक्कल आजच्या मोबाइलवाल्यांची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे टिपून ठेवावे.

जुलै १९७९ मध्ये जपानात सोनीचा वॉकमन ३३,००० येनला विक्रीस आला. त्याला हेडफोनच्या दोन जागा होत्या. एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल अशी सोनीच्या अकिओ मोरितांना धास्ती होती, म्हणून दुसरी जागा जोडीदारासाठी. वर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाणे खाली जाऊन बोलणे ऐकू येई. ग्राहकांनी थोड्याच दिवसांत निकाल दिला की असभ्यता परवडते, पण जोडीदार नको. पुढच्या मॉडेलांतून बटण गेले. आमच्या हिच्या मते ते ठेवायला हवे होते.

वंशवृक्षातली मला सर्वात आदरणीय वाटलेली शाखा मात्र श्रवणयंत्रातून फुटली. अमेरिकेत मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने १९९१ साली ईआर-फोर नावाचे कानातले काढले, किंमत ३३० डॉलर. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी घडवलेला चिमुकला यांत्रिक भाग ज्यांना नीट ऐकू येते त्यांच्या कानात आला. ते कानात घट्ट बसून छिद्र बंद करते आणि बाहेरचा गोंगाट तीस डेसिबेलहून जास्त अडवते. १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या बँडच्या ढोलकऱ्यासाठी कानाचा साचा घेऊन त्यावरून कानातले घडवले. असे दागिने दुसऱ्या कुणालाच बसत नाहीत. जगात उजळून विकता न येणारी एवढीच एक जात, असे मी समजत होतो.

पण दुसरीही निघाली. २०१६ साली अ‍ॅपलचे बिनतारी एअरपॉड्स आले, एकेकाचे वजन चार ग्रॅम. साडेचार किलोंपासून चार ग्रॅमपर्यंत, म्हणजे हजार पटींहून जास्त घट! याच वर्षी आयफिक्सिट या संस्थेने ते उघडून पाहिले. ही मंडळी प्रत्येक नव्या वस्तूला दुरुस्तीच्या सोयीबद्दल दहापैकी गुण देतात. यांना दिले शून्य. आत सगळे चिकटवलेले, उघडायचे म्हणजे फोडायचे. मग जे उघडताच येत नाही ते उजळतात कसे? बहुधा बाहेरून पुसतात, चालू आहे का पाहतात, टोपी बदलतात आणि नव्या खोक्यात घालतात. आतली बॅटरी मात्र पहिल्याच मालकाच्या सेवेत झिजलेली. लिथियमची बॅटरी साधारण पाचशे वेळा भरली की तिची ताकद ठळक घटते. आम्हाला कॉलेजात घसाऱ्याची घटत्या शिलकीची पद्धत शिकवली होती. तिच्यात वस्तूची किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. बॅटरी हा धडा न शिकताच बाजारात आली आहे.

एवढा इतिहास हाती आल्यावर मी खातेवही उघडली. तीन हजारांत तीन उमेदवार होते. पहिला नवाकोरा बिनतारी, मूळ किंमतच तीन हजार, वर्षाची हमी. दुसरा उजळलेला बिनतारी, नवा असताना नऊ हजारांचा, हमी सहा महिने. तिसरा उजळलेला, पण तारेचा. नवा असताना तोही सात हजारांचा होता. दुसऱ्याचा आवाज पहिल्यापेक्षा सरस यात शंका नाही, पण बॅटरीचे वय कोणी सांगेना. विक्रेत्याला विचारले तर "ए ग्रेड आहे, सर," एवढेच. कर्जदाराच्या वयाच्या रकान्यात "ए ग्रेड" लिहिलेला अर्ज आमच्याकडे आला असता तर मी तो मंजूर केला नसता.

तिसऱ्यात बॅटरीच नाही, म्हणजे मरायला काही नाही. तार तुटली तर वेगळी मिळते, टोपी मिळते, कानात मळ अडवणारी जाळी मिळते. बदलता येत नाही ते फक्त आतले यंत्र आणि ते गाणे वाजवूनच तपासता येते. डावा-उजवा सारखा वाजतो ना, तार हलवली की खरखर होत नाही ना, एवढे पाहिले की झाले. माझ्या मोबाइलला तारेचे भोक नाही म्हणून एक शेपूट जोडावे लागले, तो खर्च किरकोळ. तेव्हा तिसरा मंजूर.

आता टोपीच्या मापाबद्दल. ती बरोबर बसली नाही की ढोल आणि तंबोरा गायब होतात आणि माणूस कानातल्याला शिव्या देतो. दोन कानांना दोन मापे लागणेही शक्य आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मुख्य मुद्दा गाण्याचा नाही. सैल कानातले घातले की लोकलचा खडखडाट आत येतो, मग माणूस गाणे त्याच्या वर चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे, की ८० डेसिबेलला आठवड्याचे ४० तास चालतील. पुढे दर तीन डेसिबेलना वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. चक्रवाढ व्याजासारखेच हे, फक्त आपल्या विरुद्ध चाललेले. घट्ट बसणाऱ्या कानातल्याने आवाज खाली ठेवता येतो. जास्तीचे पैसे मोजायचे ते यासाठी, खोक्यावरच्या नावासाठी नव्हे.

कारण आतल्या कानात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात, त्या एका कानात जन्मतः साधारण पंधरा हजार मिळतात आणि एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. टोपी बदलते, तार बदलते, कानातलेही बदलते, पण हा माल उजळून मिळत नाही. जन्माला येताना उघडलेल्या या खात्यातून फक्त काढता येते, भरता येत नाही. पासबुकही देत नाहीत. शिल्लक संपत आल्याची सूचना मिळते ती बायकोने तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटल्यावर. अर्थात बरेच नवरे शिल्लक भरपूर असतानाही तिसऱ्या वेळेचीच वाट पाहतात, पण त्यावर अजून कोणत्याही कंपनीने हमी दिलेली नाही.