फॅरिंग्डन स्ट्रीटवरचं जेवण

लंडनच्या एका व्हीगन हॉटेलात आम्ही चहा मागवला, तो ओटच्या दुधाचा आला. चालला म्हणा! पण आठवण झाली ती १८८८ साली तिथं शिकायला गेलेल्या, एकोणीस वर्षांच्या मोहनदास गांधीची. आईला दिलेल्या शब्दापायी हा मुलगा मैलोन्‌मैल हिंडे, स्वस्तातल्या खाणावळीत नुसता पाव खाई. एकदा फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी हॉटेल सापडलं. दाराशीच हेन्री सॉल्टचं पुस्तक, किंमत एक शिलिंग. ते घेऊन आत गेला नि इंग्लंडात प्रथमच पोटभर जेवला. गंमत बघा, तोवर सगळ्या हिंदी माणसांनी मांस खावं असंच त्याचं मत; शपथ आड येत होती इतकंच. पुस्तक वाचल्यावर शाकाहार त्याला स्वतःला पटला. तरी पुढे ‘अंडं म्हणजे मांस नव्हे’ असा अर्थ लावून थोडे दिवस अंडी खाल्लीच. मग सोडली, कारण आईच्या लेखी अंडंही मांसातच जमा होतं.