अंगणवाडीची नोंदवही ते मोबाईल : बालकांची झोप व लठ्ठपणा यांच्या संदर्भात

आपल्याकडील बाल-आरोग्याच्या नोंदींचा इतिहास हा प्रामुख्याने कुपोषणाच्या नोंदींचा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व वजनकाटा अंगणवाडीत आला. महाराष्ट्राने २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन स्थापन केले, तेही कुपोषण कमी करण्यासाठीच. २०१८ च्या पोषण अभियानाने नोंदवहीच्या जागी मोबाईल आणला. तो सुखासुखी रुजला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. फोनची क्षमता अपुरी आणि 'पोषण ट्रॅकर'ची भाषा इंग्रजी, ही त्यांची तक्रार होती. जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्याचा विचार करता ती रास्तच म्हणावी लागेल.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूप बदलत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. खुजेपणा मात्र ३५ टक्क्यांच्या आसपासच राहिला. अपुरी झोप व लठ्ठपणा यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या बालकांसाठी १० ते १३ तास झोप सुचविली आणि पडद्यासमोरील वेळ एक तासाच्या आत ठेवण्यास सांगितले. ट्रॅकर वजन-उंचीवरून लठ्ठपणा दाखवितो, त्याचे कारण दाखवीत नाही. त्यातही घरातला मोबाईलच बालकाला जागवीत असेल, तर ते गृहभेटीत सेविकेने आईला विचारल्यावाचून कळणार नाही.