काचेच्या पेटीतील तळे

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मध्यम स्थितीतील पुष्कळ घरांत माशांची काचेची पेटी ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. ती बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असते. तीत चारसहा मासे फिरत असतात, एका कोपऱ्यात हवेचा पंप बुडबुडे सोडीत असतो, आणि तळाशी प्लॅस्टिकची हिरवी पाने उभी असतात. मासे जिवंत आणि झाडे मात्र खोटी, ही विसंगती सहसा कोणास खुपत नाही. आम्हांस ती खुपते. व तिचे कारण केवळ सौंदर्यदृष्टीचे नाही. ज्या कल्पनेतून ही पेटी जन्मास आली, तिचा निम्मा भागच अशा रीतीने पेटीबाहेर राहिला आहे. किंबहुना, पेटीचा इतिहास पाहू गेल्यास तिचे मूळ माशापेक्षा पाणवनस्पतीतच अधिक सापडते.

जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1771 साली, मेणबत्ती जळून निरुपयोगी झालेल्या बंद भांड्यातील हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू लागली. परंतु असे का घडावे, याचे मर्म त्याच्या हाती आले नाही. ते 1779 साली इंगेनहाउस या डच वैद्याने उकलले. पाण्यात बुडविलेल्या हिरव्या पानांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात ते केवळ उजेडात. काळोखात तीच पाने प्राण्यांप्रमाणे हवा बिघडवितात. हायड्रिलाच्या डहाळ्यांवर पालथे घातलेले नरसाळे आणि वरच्या नळीतील वायूत भडकून पेटणारी धुमसती काडी, हा शाळेतील प्रयोग आमच्या बहुतेक वाचकांस आठवत असेल. इंगेनहाउसचेच ते बुडबुडे होत.

या ज्ञानाचा उपयोग करून माशांसाठी घर बांधण्याचे श्रेय मुख्यत्वे रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. त्याने 1850 साली आपला प्रयोग तेथील केमिकल सोसायटीपुढे मांडला. सुमारे 12 गॅलनांचे, म्हणजे 55 लिटरांच्या आसपासचे काचपात्र. ते निम्मे भरेल इतके झऱ्याचे पाणी. तळाशी वाळू, चिखल व चुनखडीचे दगड. दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरियाचे एक रोप. लंडनच्या हवेतील काजळी आत पडू नये म्हणून तोंडावर मलमल ताणलेली होती. आमच्याकडील दोन फुटी पेटीत पाणी मावते ते जवळजवळ याच मापाचे, हा योगायोग मौजेचा आहे. प्रयोग आरंभी ठीक चालला. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातील पाचसहा गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजलेले सारे खाऊन टाकले, आणि त्यांची अंडी माशांचे खाद्य झाली. पाणी न बदलता चालणारा संसार उभा राहिला!

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, आणि दोघांचा जमाखर्च जुळतो, असे वॉरिंग्टनने मानले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून हवा आत येतच असते. माशास खरा धोका असतो तो त्याच्याच मलमूत्रातून निघणाऱ्या अमोनियाचा. हा अमोनिया वनस्पती काही अंशी शोषून घेते, व उरलेला वाळूत वसणारे सूक्ष्म जंतू पालटून टाकतात. आता योगायोग पाहा. अमोनियाचे हे रूपांतर दोन निरनिराळ्या जंतूंकडून दोन टप्प्यांत होते, हे रोदॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत ज्यांनी दाखविले, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच; ते त्या पहिल्या वॉरिंग्टनचे चिरंजीव. ते जंतू वेगळे काढण्यात त्यांस यश आले नाही. तो मान 1890 साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञास मिळाला. बापाने पेटी मांडली आणि ती कशाच्या बळावर चालते याचे अर्धे उत्तर मुलाने शोधले, असा वारसा क्वचितच आढळतो.

लंडनमध्ये 1853 साली प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, 1854 साली फिलिप गॉस याचा ग्रंथ निघाला, आणि काही वर्षे घरोघरी पेट्यांचे वेड माजले. याच दशकात मुंबईकरांपुढे पाण्याचा फार निराळा प्रश्न होता. शहराची तहान भागविण्यासाठी 1856 साली साष्टीच्या डोंगरांत विहारचे काम सुरू झाले व 1860 साली ते पाणी शहरास मिळू लागले. पुढे 1879 साली तुळशी, 1891 च्या सुमारास पवई. मुंबईस सार्वजनिक मत्स्यालय मिळण्यास मात्र 1951 साल उजाडले. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केले. आणखी दहा वर्षांनी मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे अंधेरीच्या वर्सोव्यास आहे.

हौसेखातर वनस्पती परदेशी नेण्याचे परिणाम मात्र पेटीत मावणारे नव्हते. आपल्या तळ्यांतून कोणीही न लावता वाढणारी हायड्रिला 1950 नंतर थोड्याच काळात सिंहलद्वीपातून अमेरिकेस, पेटीची शोभा म्हणून गेली. विक्रीचे नाव होते ‘भारतीय तारावेल’. फ्लॉरिडातील टॅम्पा गावी आलेला माल मनास न आल्यामुळे तो कालव्यात फेकला गेला. तेथून ती अशी पसरली की तिच्या निर्मूलनार्थ सरकारास अपार द्रव्य खर्चावे लागत आहे. उलट दक्षिण अमेरिकेची जलपर्णी जांभळ्या फुलांच्या मोहाने हिंदुस्थानात आली, आणि पवई तलावाचे पाणी झाकून बसली. म्हणून पेटी साफ करताना उपटलेली झाडे नाल्यात किंवा तलावात न टाकता वाळवून कुंडीत घालावीत, असा आमचा आग्रह आहे.

झाडे आणण्यासाठी दूर देशी जाण्याचेही कारण नाही. परदेशी शौकिनांस प्रिय असलेल्या क्रिप्टोकोरिन कुळाच्या जाती कोकणच्या ओढ्यांकाठी आपोआप वाढतात. सातारच्या कास पठारावरील वायतुरा, ज्याचा तुरा दुभंगलेला असतो, तो मादागास्करच्या सुप्रसिद्ध जाळीदार पानांच्या झाडाचा सगोत्र होय. मात्र वायतुरा दुर्मीळ आहे. त्यास पठारावरच पाहावे.

घरी आरंभ करावयाचा तो वॉरिंग्टनच्या व्हॅलिस्नेरियानेच करावा. तळाशी बागेतील थोडी माती, तीवर दोन इंच धुतलेली वाळू; दिवसातून आठ तास दिव्याचा उजेड; ऊन मात्र थेट नको, कारण त्याने काच शेवाळते. नळाचे पाणी पावसाने भरलेल्या धरणांचे, म्हणून मृदू असते, आणि या झाडास थोडा चुना मानवतो. मूठभर शिंपले टाकल्यास काम भागते. मे महिन्यातील उकाडा ते निमूट सोसते. झाडे फार दाट झाल्यास पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात, कारण रात्रभर झाडेही प्राणवायू खात असतात. अशा वेळी निम्मी काढून टाकावीत. नर व मादी अशी दोन्ही झाडे लाभली, तर आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. तळाशी धरलेली नरफुले, मोहरीहून लहान, देठापासून सुटून पाण्यावर येतात व तरंगत तरंगत मादीफुलास जाऊन भिडतात. त्यानंतर मादीफुलाचा लांब देठ मळसूत्रासारखा वळू लागतो आणि फळास हळूहळू खाली, वाळूकडे ओढून नेतो.