प्रत कोणाकडे आहे?



"ही लिनक्सवाली माणसं अजून ईमेलवरच का भांडतात?" असं ऑफिसातली नवी पोरं मला अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. डिस्कोर्ससारखं चकाचक फोरम सॉफ्टवेअर २०१३ साली आलं, आणि तरी लिनक्स कर्नलचे पॅचेस मात्र आजही साध्या मेलिंग लिस्टवर जातात. म्हणजे लिफ्ट असताना जिने चढायचे! पण यामागे थोडा इतिहास आहे, म्हणून हा वीकेंडचा प्रपंच.

आधी फोरमवाल्यांची बाजू घेऊ. २०१८ मध्ये पायथॉन भाषेत := हे चिन्ह आणायचं की नाही, यावरून मेलिंग लिस्टांवर मोठं रणकंदन झालं. आता मेलिंग लिस्टची अडचण अशी, की एकदा पाठवलेलं पत्र मागे घेता येत नाही. भरकटलेली चर्चा उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. नुसतं "सहमत" म्हणायलासुद्धा हजारोंच्या इनबॉक्समध्ये एक पत्र टाकावं लागतं. आणि उशिरा आलेल्यानं काय वाचायचं? सगळंच! शेवटी चिन्ह मंजूर झालं, पण १२ जुलै २०१८ ला पायथॉनचा जनक गिडो व्हॅन रॉसम यानं नेतृत्व सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायची आता इच्छा नाही, असं त्यानं सरळ लिहिलं (तेही मेलिंग लिस्टवरच! :-) ). त्याच वर्षी पायथॉनवाल्यांनी डिस्कोर्स सुरू केलं आणि २०२२ मध्ये भाषेच्या विकासाची मुख्य चर्चाही तिकडे नेली. माणसं थकतात हो. त्यांना सांभाळणारं साधन हवंच.

आता दुसरी बाजू. लार्स इंगेब्रिग्टसेन नावाच्या नॉर्वेजियन प्रोग्रामरनं २००२ मध्ये जीमेन सुरू केलं. हजारो मेलिंग लिस्टांचं एकत्र दफ्तरच म्हणा ना. गिटच्या चर्चेत तर कोणी जुना मुद्दा काढला की सरळ जीमेनचा दुवा द्यायचा, अशी पद्धतच पडली होती. २०१६ मध्ये सर्व्हरवर हल्ले झाले, लार्सही कंटाळला होता, आणि जीमेनची वेबसाइट बंद पडली. सगळे दुवे एका फटक्यात मेले.

पण गंमत बघा. दुवे मेले, पत्रं नाही मेली. मेलिंग लिस्टवरचं प्रत्येक पत्र प्रत्येक सभासदाच्या घरी पोचतं. त्यावर मेसेज-आयडी नावाचा स्वतःचा क्रमांक असतो, आणि तो कुठल्याच वेबसाइटच्या मालकीचा नसतो. पुढे २०१८ मध्ये कर्नलवाल्यांनी लोर हे नवं दफ्तर उभं केलं, तेव्हा जुनी पत्रं लोकांच्या खाजगी साठ्यांतूनसुद्धा मागवून घेतली. कोणाकडे जपून ठेवलेल्या मेल्स आता सगळ्यांच्या कामी आल्या. लोरमधला दुवाही त्या मेसेज-आयडीवरूनच बनतो. उद्या लोर बंद पडलं, तरी तोच क्रमांक धरून पत्र दुसरीकडे शोधता येईल.

फोरमवर असं होत नाही. तिथं मूळ प्रत एकाच डेटाबेसमध्ये असते. डिस्कोर्स निदान ओपन सोर्स आहे, बॅकअप घेता येतो, हवं तर प्रत्येक पोस्ट मेलनं मागवता येते. पण जे प्रोजेक्ट थेट डिस्कॉर्डवर जाऊन बसलेत त्यांचं काय? तिथली चर्चा गूगललाही सापडत नाही, आणि चावी दुसऱ्याच कंपनीकडे.

माझं मत विचाराल तर, नवा प्रोजेक्ट असेल तर खुशाल फोरम घ्या. नवख्या माणसाला तिथंच बरं वाटतं. फक्त पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवून टाका: हा सर्व्हर चालवणारा उद्या कंटाळला, तर प्रत कोणाकडे असेल? कारण कोड काय केलं ते सांगतो. का केलं, ते बहुतेक वेळा त्या भांडणातच असतं.

असो. तूर्तास इतकंच.