जपानी बालदूतांची पूर्वतयारी

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिली-पुस्तिकेंत दूरच्या जपानचा वृत्तांत कां, असें वाचक विचारतील. त्यांतील एक महत्त्वाचा भाग गोव्यांत घडला, एवढेंच उत्तर आम्ही देतों.

इ. स. १५८२ च्या २० फेब्रुवारीस मांसियो इतो, मिगेल चिजिवा, जुलियांव नाकाउरा व मार्तिन्हो हारा हे तेरा-चौदा वर्षांचे चार कुमार नागासाकीहून निघाले. क्युशू बेटावरील तीन ख्रिस्ती सरदारांचे हे दूत. पोपसाहेब व स्पेनचा राजा दुसरा फिलिप यांच्या भेटी व्हाव्यात, आणि परतल्यावर युरोपचें वर्णन जपानी लोकांनीं स्वकीयांच्याच तोंडून ऐकावें, असा येशूसंघाचे फादर वालिन्यानो यांचा दुहेरी हेतु होता.

तयारी वाटेंतच झाली. मकाव येथें वाऱ्याची वाट पाहण्यांत नऊ महिन्यांहून अधिक काळ गेला. तो लॅटिन व संगीत यांच्या अभ्यासास लागला. मात्र मुलांचें जपानी लेखन-वाचन मागें पडूं नये म्हणून जॉर्ज द लोयोला हे जपानी ब्रदर मुद्दाम सोबत दिले होते. परक्या दरबारीं जाणाऱ्याच्या हातीं आधीं स्वतःचीं अक्षरें असावींत, ही दृष्टि आम्हांस फार मोलाची वाटते.

१५८३ त गोव्यास पोहोंचल्यावर वालिन्यानो यांस प्रांताधिपति म्हणून तेथेंच राहण्याची आज्ञा झाली. मुलांचा मोठाच आधार सुटला! तेव्हां त्यांनीं फादर नूनो रोद्रिगिश यांच्या हातीं लेखी सूचना दिल्या: मुक्काम संघाच्याच घरीं करावा, थाटमाट टाळावा, मुलांस जें उत्तम तेंच दाखवावें. ही शेवटची अट आम्हांस पूर्णपणें पटत नाहीं. घरांत राहिलेल्या पाहुण्यापासून घरचें भांडण लपत नाहीं. पण जपानांतील ख्रिस्तसभा तेव्हां कोंवळी होती, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

युरोपनें थाटमाट कांहीं टाळला नाहीं. व्हिला व्हिसोझा येथें ब्रागान्सा घराण्याच्या डोना कातारिना यांनीं पाहुण्यांचे पोषाख पाहून आपल्या मुलासाठीं तसाच जपानी झगा शिवविला. रोम येथें २३ मार्च १५८५ रोजीं तेराव्या ग्रेगोरींनीं कार्डिनलांच्या भरसभेंत दूतांचें स्वागत केलें. जुलियांव मात्र तापामुळें सभेस मुकला. अठरा दिवसांनीं पोपसाहेब निवर्तले.

परतीच्या वाटेवर, १५८७ त, मार्तिन्होनें गोव्यांत वालिन्यानोंपुढें लॅटिन भाषण केलें. तें १५८८ त तेथेंच छापलें गेलें. १५९० त चौघे नागासाकीस उतरले, तेव्हां मिशनरींस हद्दपार करणारा हिदेयोशीचा १५८७ चा हुकूम निघून गेलेला होता. मांसियो १६१२ त वारला, मार्तिन्हो १६२९ त मकाव येथें. मिगेलनें संघ सोडला. रोमच्या सभेस मुकलेला जुलियांव १६३३ त नागासाकी येथें हुतात्मा झाला; २००८ त ख्रिस्तसभेनें त्यास धन्य घोषित केलें.