जाळे विणणारे आणि उसवणारे

रबराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भल्याभल्यांची फजिती केली. त्याचे जोडे उन्हाळ्यात चिकट होत आणि थंडीत तडकत. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने या एका पदार्थापायी संसार पणास लावला. कर्जासाठी तुरुंगवासही सोसला. १८३९ साली गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीवर पडला आणि वितळण्याऐवजी कातड्यासारखा चिवट झाला, असे सांगतात. १८४४ मध्ये पेटंट मिळाले. पैसा मात्र हाती राहिला नाही. १८६० मध्ये तो कर्जातच वारला.

आपण नेमके काय साधले, हे त्या बिचाऱ्यास कळणे शक्यच नव्हते. रबरासारखे पदार्थ म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या, हा विचार जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर याने १९२० मध्ये मांडला. गंधक या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. सुट्या दोरांचे जाळे होते. १९०७ मध्ये बेकलंड याने शोधलेले बेकेलाइट हे तर अधिकच दाट विणीचे.

पण जे जाळे उष्णतेने वितळत नाही आणि द्रावकात विरघळत नाही, ते जुने झाल्यावर त्याचे करावे काय? गाठीच सुटतील अशा कराव्यात, हे प्रथम कोणासही सुचेल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेरेमाया जॉन्सन व सहकाऱ्यांनी मालमोटारींच्या अंगाला वापरतात त्या एका कठीण प्लॅस्टिकवर हा उपाय करून पाहिला. ते विरघळले नाही. काही गाठी सुटल्या, तरी त्या प्लॅस्टिकच्या स्वतःच्या गाठी शिल्लक राहतात. मग त्यांनी तोच नाजूक दुवा दोरातच ओवला. त्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास असतानाच जाळे उसवले. हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

कोळ्याचे जाळे डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक दोर ठिकठिकाणी कापला, तर आखूड तुकड्याच्या वाट्यास पुरेशा गाठी येत नाहीत आणि तो गळून पडतो. गाठ मात्र जशीच्या तशी असते. कठीणपणा फारसा न गमावता हे साधते, आणि विरघळलेल्या तुकड्यांतून पुन्हा नवे प्लॅस्टिकही घडविता येते, ही त्यातील मोठीच गोष्ट.

एक अडचण उरतेच. दुवा घडणीच्या वेळीच ओवावा लागतो. त्याविना घडून गेलेल्या वस्तूंना या युक्तीचा काही उपयोग नाही.