बॅटरी बदलून बघा, साहेब

बाबांची अँजिओग्राफी सकाळी सातची होती. साडेपाचला ते उपाशीपोटी, बूट घालून, फाईल काखेत मारून तयार. मी रुबाबात खाली पार्किंगमध्ये गेलो, किल्लीचं बटण दाबलं, आणि... काही नाही. दार उघडेना, दिवा लागेना, नेहमीचा 'टुक' आवाजसुद्धा येईना. शेवटी बाबा रिक्षातून गेले, पुण्याच्या खड्ड्यांतून. ते काही बोलले नाहीत. बायको मात्र संध्याकाळी बोलली, "दिवाळीपर्यंत ती गाडी नीट होईल, नाहीतर विकली जाईल."

गाडी २००८ सालची, युरोपियन, एके काळी फक्त बिल्डर आणि मंत्री फिरवायचे त्या जातीची. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच तिच्या भक्तांशी भांडण नको. मी ती दुसऱ्या मालकाकडून नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात घेतली होती. चामड्याच्या सीटा बघून भुललो, दुसरं काय!

त्या सकाळच्या आधीच्या नऊ महिन्यांत तिला दोन नव्या बॅटऱ्या आणि एक नवा अल्टरनेटर बसला होता. तीन वेगळे कारागीर, तीन वेगळी निदानं, आणि दर वेळी चार-पाच दिवसांनी गाडी पुन्हा मेलेली. मग मी एक अख्खा शनिवार-रविवार मल्टिमीटर घेऊन डिकीत घालवला आणि रात्री मोटारीतल्या विजेचा इतिहास वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की त्या कारागिरांत मूर्ख कुणीच नव्हता. प्रत्येकाचं निदान बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या सालातल्या गाडीसाठी.

सुरुवात पहिल्या बॅटरीवाल्यापासून. त्याने आधी बॉनेट उघडून पाच मिनिटं बॅटरी शोधली. ती तिथे नव्हतीच. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिनाची गर्दी, उष्णता आणि वजनाचा तोल सांभाळायला बॅटरी मागे डिकीत ठेवलेली असते. आता गंमत बघा. डिकीचं कुलूप विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचायलाच बॅटरी लागते! (सुटका अशी की बॉनेटखाली जंप द्यायला टर्मिनल काढून ठेवलेले असतात.) डिकी उघडल्यावर त्याने बॅटरीला मीटर लावला, ११.६ व्होल्ट बघितले आणि म्हणाला, "बॅटरी बदलून बघा, साहेब."

हा सल्ला शंभरेक वर्षं जुना आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही. शिशाचे पत्रे आणि गंधकाचं आम्ल ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली, आणि १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. पण पेट्रोलच्या गाडीत तिला मानाची जागा मिळाली १९१२च्या कॅडिलॅकमुळे. त्याआधी गाडी चालू करायची म्हणजे पुढे वाकून हँडल मारायचं. इंजिन उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, कधी जबडाही. बायरन कार्टर नावाचा मोटार बनवणारा माणूस १९०८ साली वारला. तो हँडलच्याच दुखापतीने गेला आणि त्यामुळे कॅडिलॅकचे हेन्री लेलँड हट्टाला पेटले, अशी गोष्ट सांगतात.

उपाय काढला ओहायोतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग यांनी. ते आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. मला त्यातली युक्ती फार आवडली. गल्ल्याचा खण उघडायला जोर लागतो, पण क्षणभरच. मग मोटर दिवसभर चालेल एवढी मोठी कशाला हवी? छोटीच घ्या, तिच्यावर काही क्षण तिच्या ताकदीबाहेरचा भार टाका, आणि तापायच्या आत बंद करा. हाच हिशोब त्यांनी इंजिनाला लावला, आणि एकदा इंजिन सुरू झालं की तेच यंत्र उलटं डायनमो म्हणून चालवून बॅटरी भरून काढली. आपण आजही 'सेल्फ मारतो' तो हाच, सेल्फ-स्टार्टर.

बॅटरीशी झालेला करार साधा होता. क्षणभर भरपूर दे, मग सावकाश परत घे. गाडी उभी असताना कुणी काही मागणार नाही. एवढंच काम असेल तर ती उतरण्याची कारणं दोनच, म्हातारी झाली किंवा भरली जात नाही. बॅटरीवाल्याने पहिलं कारण धरलं. नवी बॅटरी पाच दिवस चालली.

दुसरे आले सातारचे मामा. मामांकडे चोवीस वर्षं अँबॅसिडर होती, त्यामुळे गाडी या विषयावर त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नाही. गाडीला जंप दिली, इंजिन चालू झालं, आणि मामा पाना घेऊन डिकीकडे निघाले.

"अहो मामा, काय करताय?"

"टर्मिनल काढतो. इंजिन बंद पडलं तर डायनमो गेलाय. चालू राहिलं तर चांगला आहे. साधी गोष्ट!"

"थांबा! हात लावू नका!"

मामा दुखावले. त्यांची परीक्षा डायनमोच्या जमान्यात बिनचूक होती. पण डायनमोची एक खोड होती. इंजिन सावकाश चालत असताना तो जवळजवळ काहीच द्यायचा नाही, सिग्नलला उभं राहिलं की तांबडा दिवा मिणमिणायचा. अल्टरनेटर सावकाश वेगातही वीज देतो, पण ती असते उलटसुलट वाहणारी एसी, आणि बॅटरीला लागते डीसी. स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड आले तेव्हाच हा पेच सुटला. क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर सरसकट दिला आणि पुढच्या काही वर्षांत डायनमो मागे पडला. (सहा व्होल्टच्या गाड्या बारावर गेल्या त्याही साधारण याच काळात.) आता चालत्या अल्टरनेटरची बॅटरी अचानक तोडली तर त्याच्या वेटोळ्यांतली ऊर्जा जाणार कुठे? व्होल्टेज क्षणभर उसळतं, ते रोखलं गेलं नाही तर ऐंशी-शंभरापर्यंतही जाऊ शकतं. अँबॅसिडरमध्ये त्याने जळायला फार काही नव्हतं. माझ्या गाडीत कॉम्प्युटरच कॉम्प्युटर आहेत. मामांना हे सगळं चहासोबत समजावलं. पटलं की नाही माहीत नाही, पण पाना खाली ठेवला.

तिसरं गॅरेज वातानुकूलित होतं. तिथल्या पोराने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजलं, १२.९ आलं. नियम सांगतो की चालत्या गाडीत १३.८ ते १४.४ पाहिजे. म्हणजे अल्टरनेटर गेला. बिलाचा आकडा इथे लिहीत नाही, सौ. हा ब्लॉग वाचते.

चांगला अल्टरनेटर काढून टाकला, हे मला नंतर कळलं. त्या सुमारास काही महागड्या गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज सॉफ्टवेअर ठरवू लागलं होतं. बॅटरी पुरेशी भरली आहे असं वाटलं तर पेट्रोल वाचवायला ते चार्जिंग मुद्दाम कमी करतं, आणि उतारावर किंवा ब्रेक लावताना वाढवतं. त्यासाठी बॅटरी किती जुनी आणि कोणत्या जातीची याची नोंद ते ठेवतं. म्हणून नवी बॅटरी बसवली की गाडीला ते 'सांगावं' लागतं. माझ्या दोन्ही नव्या बॅटऱ्यांबद्दल तिला कुणीच सांगितलं नव्हतं. वर दुसरी बॅटरी साधी पाण्याची होती, काचतंतूंच्या जाळीतली एजीएम हवी असताना.

बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे चुकीला नवी जागा, हे कारखान्यांनाही महागात पडलं आहे. मार्च २००५च्या अखेरीस मर्सिडीझने सुमारे १३ लाख गाड्या परत बोलावल्या. कामांच्या यादीत ब्रेकशिवाय अल्टरनेटरचे रेग्युलेटर होते आणि बॅटरी नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही. (माझी गाडी त्या कंपनीची नाही, गैरसमज नको.) बारा व्होल्ट पुरत नाहीत हे १९९०च्या दशकातच सगळ्यांना दिसत होतं. एमआयटी आणि मोटार कंपन्यांनी मिळून ४२ व्होल्टची योजनाही आखली, पण खर्चापुढे ती बारगळली. मग जुन्या बारा व्होल्टवरच नवे मजले चढत गेले. ज्यांनी दहा वर्षं जुना कोड सांभाळला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

पण हे सगळं होऊनही उभी गाडी चार दिवसांत का मरावी? त्याचं उत्तर शेवटच्या मजल्यावर होतं. पूर्वी प्रत्येक बटणापासून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर जायची. उपकरणं वाढली तसं तांब्याचं ओझं वाढलं. बॉशने १९८६ साली डेट्रॉईटमध्ये कॅन नावाचं जाळं मांडलं, ज्यात दोन तारांवर सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, आणि १९९१ साली आलेल्या मर्सिडीझ एस-क्लासपासून ते रस्त्यावर आलं. आता गाडी 'बंद' होत नाही, झोपते. कुलूप लागल्यावर एकेक कॉम्प्युटर गप्प होतो, आणि सगळे गप्प व्हायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. एक जण जरी बडबडत राहिला तर बाकीचेही जागे. केटरिंगच्या करारातलं 'उभी असताना कुणी काही मागणार नाही' हे कलम इथे मोडलं.

झोपलेल्या गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत राहावं. मी डिकी उघडी ठेवून स्क्रूड्रायव्हरने तिचं कुलूप मिटवलं, म्हणजे गाडीला डिकी बंद आहे असं वाटतं. बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर जोडला, किल्ली घरात लांब ठेवली, आणि पाटावर बसून राहिलो. पन्नास मिनिटांनी आकडा ०.४५ अँपिअरवर थांबला. दिवसाला जवळपास ११ अँपिअर-तास. माझी बॅटरी ८०ची. आठवडाभर घरूनच काम करणाऱ्या माणसाची गाडी शुक्रवारी का मेलेली असते, याचं कोडं सुटलं!

आता हे कोण खातंय? जुनी रीत म्हणजे एकेक फ्यूज उपटायचा. इथे ते चालत नाही. फ्यूज काढून परत लावला की तो कॉम्प्युटर जागा होतो आणि सगळ्यांना उठवतो. बघायला गेलं की नाहीसा होणारा बग तो हाच. त्यामुळे फ्यूजला न हलवता त्याच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांवर मीटर टेकवून मिलिव्होल्ट मोजायचे. शून्य असेल तर वीज वाहत नाही. चाळीसेक फ्यूज मोजले. पाठ मोडली. एकावर सुमारे ३ मिलिव्होल्ट.

ती लाईन जात होती डिकीच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका काळ्या डबीकडे. टेलिफोनचा डबा! २००८ साली साहेब लोक हाताच्या टेकूतल्या कप्प्यात बटणांचा फोन खोचायचे आणि गाडी त्यावरून बोलायची. तो फोन आता कुणाकडे नाही, पण डबा बिघडून रात्रंदिवस त्याची वाट बघत होता आणि बाकीच्यांना झोपू देत नव्हता. प्लग काढला. परत पन्नास मिनिटं पाटावर. आकडा ०.०३.

नंतर योग्य जातीची बॅटरी आणली, एका ओळखीच्या पोराकडून गाडीत तिची नोंद करून घेतली, आणि अकरा दिवस गाडीला हात लावला नाही. बाराव्या दिवशी बाबांची तपासणी होती. पहिल्याच सेल्फला चालू. बाबा मागे बसले, टेकू खाली ओढला आणि फोनचा रिकामा कप्पा उघडून बघितला.

"हे कशासाठी रे?"

"आता कशासाठीच नाही."

त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढून त्यात ठेवली. बरोबर बसली. अजून तिथेच असते.